जाऊन परत येण्याइतकी गाडी

८ ऑगस्ट

सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. म्हणजे मी आहे, आणि तुझ्या सासूबाई त्यांच्या मते आहेत. फोन न करता लिहितोय, कारण तुला माहीतच आहे, जन्म लिफ्टच्या मशीनरूममध्ये काढल्यावर माझ्या कानांनी माझ्याआधीच निवृत्ती घेतली. फोनवर तू बोलतेस, मी 'हो हो' म्हणतो, आणि नंतर ही विचारते की कशाला हो म्हणालात, तर मला सांगता येत नाही.

मुद्द्याचं सांगतो. आम्ही गाडी घेतोय. हस खुशाल. हिच्या कमरेने बसशी कायमची कट्टी केली आहे. मागच्या वर्षी तुझ्याकडे आलो तेव्हा कंडक्टरने आणि मी धरून तिला उतरवली, आणि तुझ्या फाटकापर्यंत ती माझ्या खांद्यावर भार टाकून आली. आता डॉक्टरनेही बसचे हादरे बंद केले आहेत. आणि चिमीला बघून वर्ष उलटलं. आमचा मुलगा गेला, त्याचं म्हणून या जगात तेवढं एक पाच वर्षांचं माणूस उरलंय. ते आम्हाला विसरायच्या आत ये-जा सुरू व्हायला हवी, एवढंच या गाडीचं काम.

आमच्या चौकात रस्त्याच्या अलीकडे एक शोरूम, पलीकडे दुसरं. दोन्हीकडे एकेक छोटी विजेची गाडी. मापं सारखी, सीटा सारख्या, फक्त तोंडं वेगळी. एकीचे दिवे हसल्यासारखे, दुसरीचे रुसल्यासारखे. आम्ही त्यांना हसरी आणि रुसवी म्हणतो. तू विम्याच्या ऑफिसात रोज ठोकलेल्या गाड्यांचे क्लेम बघतेस, तेव्हा तूच सांग, कुठली घेऊ?

माझी अडचण एकच. दोघी एका चार्जवर तुझ्या दारापर्यंत नेतात, परत आणत नाहीत. मधल्या पंपावर चार्जर आहे, पण तो चालू असला तर बातमी व्हायची. आणि मुक्काम मला करायचा नाही. मागच्या वेळी आम्ही चार दिवस राहिलो, आणि शेवटच्या दिवशी तू भांडी घासता घासता डोळे पुसत होतीस. नोकरी, पोर, वर आम्ही दोन म्हातारी. मला तेव्हाच कळलं. आता सकाळी यायचं, चिमीला डोळे भरून बघायचं आणि दिवे लागायच्या आत निघायचं.

मागच्या वेळचं ते आठवतं का? मी बाथरूममध्ये होतो, कानातलं यंत्र बाहेर काढून ठेवलेलं, आणि दार हादरायला लागलं. उघडून बघतो तर चिमी दोन्ही हातांनी थापा मारतेय. अशी काही पायाला बिलगली आणि अशी रडली, की मी पाच मिनिटं आत काय गेलो, तिला आजोबांशिवाय करमेना. वर्षभर मी त्याच्यावर जगतोय.

तुझे,
बाबा

२१ ऑगस्ट

बाबा,

'पाया पडते' लिहिलं की तुम्ही चिडता, म्हणून नुसताच नमस्कार. आईंनाही.

हसरी आणि रुसवी ही नावं ऑफिसात सांगितली, तर आता सगळे तसंच म्हणतात. खरं सांगू का, आत उघडून बघितलं तर दोघींत डावं-उजवं करायला फारसं काही नाही. हसरीचा दिवा फुटला की अख्खा संच बदलावा लागतो, रुसवीचं मागचं दार जरा धक्क्यात बसतं. बाकी सारखंच.

पण बाबा, आत्ता घेऊ नका. जानेवारीत दोघींची नवीन वर्षाची मॉडेलं येताहेत. बॅटरी बरीच मोठी असणार आहे, म्हणजे तुम्हाला हवं तसं जाऊन-येऊन एका चार्जवर होईल. आत्ता घेतलीत तर चार महिन्यांत ती जुनी ठरेल आणि मग हळहळत बसाल. तेव्हा जरा दम धरा. आईंच्या कमरेलाही तेवढा आराम मिळेल.

चिमीचा पुढचा दात पडला. ती तो शाळेत दाखवायला घेऊन गेली आणि हरवून आली. आम्ही सगळे बरे आहोत.

तुमची,
सूनबाई

३० ऑगस्ट

सूनबाई,

पत्र तीनदा वाचलं. एवढ्या बारकाईने आमचा विचार करणारं आता कोण आहे? शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, सून कशी असावी म्हणून. 'आम्ही सगळे' वाचून ही म्हणाली, दोघींना सगळे कसं म्हणते? मी म्हटलं, चिमी एकटीच चार जणांना पुरून उरते.

तर थांबायचं ठरलं. पण थांबणं तुझ्या सासूबाईंना सांगायचं कुणी? परवा रुसवीत बसून बघायला नेलं, तर ही बाई उतरेना. मागच्या सीटवर बसली, दार लावून घेतलं, काचा वर केल्या आणि शेजारची जागा हाताने चाचपत राहिली. विचारलं तर म्हणाली, चिमीचे पाय कुठपर्यंत येतील ते बघते. सेल्समन बिचारा बाहेर चाव्या घेऊन उभा. त्याला वाटलं गिऱ्हाईक पटलं. मी सांगितलं, जानेवारीत बघू, तर त्याचं तोंड त्याच्या गाडीसारखं झालं.

आता एक शंका. तुझ्या बिल्डिंगच्या खाली साधा पॉइंट असेल ना? आम्ही दिवसभर वर बसणारच आहोत. तेवढा वेळ वायर लावून ठेवली तर परतीपुरतं चार्जिंग सहज होतं, मी हिशोब केलाय. म्हणजे जानेवारीचं काही अडत नाही, आजची गाडीसुद्धा चालते. विजेचं बिल मी देईन, त्यावरून भांडायचं नाही. तेवढं बघून कळव, म्हणजे लगेच चौकात जातो.

तुझे,
बाबा

२५ सप्टेंबर

बाबा,

उत्तराला उशीर झाला. ऑफिसात काम फार आहे.

खाली पॉइंट आहे, पण बिल्डिंगमधलं वायरिंग जुनं आहे आणि बाहेरच्या गाडीला लावू देत नाहीत. जागाही नसते, घरातलीच गाडी कशीबशी मावते. तेव्हा त्या भरवशावर घेऊ नका. जानेवारी काही फार लांब नाही.

चिमी बरी आहे. आता नीट झोपते.

सूनबाई

४ ऑक्टोबर

सूनबाई,

तुझं पत्र वाचून मला तुझीच काळजी लागली. वायरिंग जुनं आहे आणि तुम्ही तिथे राहता? मी जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचं वायरिंग बघितलं आणि माझी नात जळक्या तारांवर झोपते, हे काही बरं नाही. पुढच्या रविवारी मी एकटाच बसने येतो. बोर्ड उघडून बघतो, लागेल ते बदलतो. पाणीसुद्धा नको, दोन तासांत परत फिरेन.

आणि हे काय, 'घरातलीच गाडी'? तू गाडी घेतलीस आणि आम्हाला पत्ता नाही? मी इथे हसरी की रुसवी करत डोकं शिणवतोय आणि बाईसाहेब केव्हाच घेऊन मोकळ्या. असो, आनंद आहे. कुठली घेतलीस ते तरी सांग, तीच आम्हीही घेऊ.

आता जरा वेगळं. हे हिला न सांगता लिहितोय. हिचं काही खरं दिसत नाही. दुखणं कमरेचं आहे, पण ती आता दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडते. जेवायला हाक मारली तर येते, दोन घास खाते, ताट उचलते, परत पडते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "आपण चिमीला आता एकदम तिच्या लग्नातच बघणार, आपण असलो तर." मी हसण्यावारी नेलं. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभा राहिलो. आम्हाला दुसरं काही नाही गं. सकाळी उठायचं ते कशासाठी, हा प्रश्न मुलगा गेल्यापासून रोज उशाशी असतो, आणि चिमी हे एकच उत्तर आम्ही दोघं एकमेकांना देतो.

म्हणून मी जानेवारीची वाट बघणार नाही. तुझं सगळं बरोबर आहे, नवी गाडी चांगली असेल, पण हिचं मन तोवर टिकणार नाही. रविवारी बोर्ड बघून घेतो आणि सोमवारी रुसवी बुक करतो.

तुझे,
बाबा

८ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, रविवारच्या आत तुमच्या हाती पडावं म्हणून. कृपा करून येऊ नका.

वायरिंग चांगलं आहे. मी खोटं लिहिलं. पॉइंट आहे, जागाही आहे. नव्या मॉडेलचं तेवढं खरं होतं, पण ते मी तुमच्या भल्यासाठी लिहिलं नव्हतं. तुम्ही गाडीचं विचारलंत आणि मला गाडीआड लपायला मिळालं. जानेवारीपर्यंत कसंही ढकलू, तोवर सांगायचं बळ येईल, असं वाटलं होतं.

मी मे महिन्यात लग्न केलं. आमच्याच ऑफिसातले सर्व्हेअर आहेत, गाडी त्यांची. साधं रजिस्टर लग्न, चार माणसं होती. तुम्हाला कळवायचं म्हणून मी किती कागद फाडले ते मलाच माहीत. माणूस चांगला आहे. चिमी त्यांना बाबा म्हणते. कुणी शिकवलं नाही, एक दिवस चप्पल सापडत नव्हती तेव्हा तिने हाक मारली.

आता जे लिहिते ते वाचून तुम्ही मला आयुष्यभर माफ करणार नाही. त्या दिवशी तुम्ही बाथरूममध्ये खाकरलात. बाबा, तुमचं खाकरणं, तुमचा आवाज, अगदी त्याचा, तुमच्या मुलाचा आहे. तेव्हा तुमच्या कानात यंत्र नव्हतं, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. ती आजोबा म्हणत नव्हती. ती "बाबा आला, बाबा आत आहे" म्हणून दार बडवत होती. दार उघडलं आणि तुम्ही बाहेर आलात. ती तुम्हाला बिलगून रडली ती त्यासाठी. तुम्ही हसत तिला उचलून घेतलंत आणि मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासताना मी दमले म्हणून रडत नव्हते.

तुम्ही गेल्यावर ती कित्येक दिवस त्या दाराबाहेर बसायची. जेवण तिथे, खेळणं तिथे. रात्री उठून तिथे जायची. बाबा तिकडून आला होता म्हणे, पुन्हा येईल. तेव्हा कुठे ती पहिल्यांदा हसायला लागली होती, ते सगळं परत मातीत गेलं. आता ती झोपते. पुन्हा मला ते करायची छाती नाही. आणि नुसतं तिचंच नाही. तुम्ही फोन करत नाही याचं मला बरं वाटतं, हेही आता लिहूनच टाकते. तुमचा आवाज ऐकला की माझे दोन दिवस जातात.

तुमची काही चूक नाही. म्हणूनच हे लिहिता येत नव्हतं. कधी या, हे मला सांगता येत नाही. आत्ता येऊ नका.

आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

सूनबाई म्हणवून घ्यायचा हक्क राहिलाय का ठाऊक नाही

२ नोव्हेंबर

मुली,

हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर तुला लागलं नाही तर दोनदा वाच.

तुझं पत्र त्यांनी लपवलं नाही. माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी वाचलं. तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाकलंय. काही हवं असलं तर बोट दाखवतात. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकतात. परवा मी ओरडले, की इथे कोण आहे ऐकायला, मोकळे खोका. तर उशी उचलून दुसऱ्या खोलीत गेले. माझ्या नवऱ्याला स्वतःच्या गळ्याची लाज वाटायला लागली आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगू?

तू लग्न केलंस ते बरं केलंस. पंचविशी-तिशीतली पोर, जन्म असाच काढायचा होता का? पण मला सांगितलं नाहीस याचा राग आहे. आणि चिमीचं तू जे लिहिलंस ते खरं आहे हे मला कळतं, त्याचा त्याहून जास्त राग आहे. तू खोटी असतीस तर मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

आता माझं ऐक. माझा आवाज कुणासारखा नाही. मी चिमीला मुळीच कुणाची आठवण करून देणार नाही. मी एकटी येते. हे गाडी चालवतील, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबतील, काचा लावून आत बसतील. उतरणार नाहीत, बोलणार नाहीत. मी तासभर वर येईन, तिला बघेन, आणि चालत गाडीपर्यंत जाईन, तेवढं मला चालवतं. तिला मी कोण हे सांगितलं नाहीस तरी चालेल. आईच्या ओळखीच्या एक बाई म्हण. मी तिचा मुकासुद्धा घेणार नाही.

त्यांना विचारलं, असं केलं तर बसाल का गाडीत? त्यांनी मान हलवली. बसेन म्हणाले मानेने. तेव्हा उत्तर दे.

आई

२० नोव्हेंबर

आई,

तुमचं पत्र मी ह्यांनाही वाचायला दिलं. ते म्हणाले, येऊ दे त्यांना, दोघांनाही येऊ दे. तेव्हा ह्यांच्यावर राग धरू नका. नाही मी म्हणतेय.

मी तयार झाले होते. शनिवार ठरवून टाकला होता. चिमीला सहज विचारलं, आपल्याकडे एक आजी आल्या तर? ती म्हणाली, "आजोबांबरोबरची आजी?" म्हणजे ती काही विसरलेली नाही, आई. त्या रात्री ती उठली आणि बाथरूमचा दिवा लावून दाराकडे बघत उभी होती. मी उचलून आणली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुम्हाला ओळखीच्या बाई म्हणायला माझी जीभ वळणार नाही, आणि बाबा खाली गाडीत काचा लावून बसलेत हे माहीत असताना मी वर तुम्हाला चहा कसा करू? माझ्याने होणार नाही. मोठी झाली की मी तिला सगळं सांगेन. तुमच्याकडे घेऊन येईन, मीच आणेन. पण किती मोठी, ते मला माहीत नाही, आणि तुमच्याजवळ तेवढा वेळ आहे का हे विचारायची माझी हिंमत नाही.

बाबांना सांगा, मोकळेपणाने खोकत जा.

तुमची

१९ जानेवारी

सूनबाई,

तूच हक्काचं विचारलं होतंस, म्हणून आधी तेच लिहितो. दुसरं नाव मला सुचत नाही, तेव्हा हेच राहील. ही मुली म्हणते, ते तिचं ती बघेल.

एवढे दिवस लिहिलं नाही, त्याला कारण राग नव्हता. सुरुवातीला होता. बाथरूमच्या दाराचं मी चारचौघांत सांगत फिरायचो. शेजाऱ्यांना, डॉक्टरला, त्या सेल्समनलासुद्धा सांगून झालं होतं. आता ते समोर आले की मी रस्ता बदलतो. तू लिहिलंस ते बरं केलंस, पण ते एवढं तरी माझ्याजवळ राहू दिलं असतंस तर बरं वाटलं असतं, असंही मनात येतं. दोन्ही खरं आहे.

तू म्हणाली होतीस तशी नवी मॉडेलं आली. दोन्ही शोरूमबाहेर फुगे लावले होते. बॅटरी खरंच मोठी आहे. तुझ्या दारापर्यंत जाऊन, गल्लीत वळून, परत घरी येऊन वर थोडं चार्जिंग उरतं, मी विचारून घेतलं. का विचारलं ते मला सांगता येणार नाही. अलीकडच्या शोरूमच्या सेल्समनने मला ओळखलं. धावत आला, म्हणाला, "आजोबा, तुमच्यासाठीच आली बघा ही."

मी जुनी घेतली. मागच्या वर्षीची, छोट्या बॅटरीची, कोपऱ्यात धूळ खात उभी होती ती. हसरी की रुसवी, हे हिला विचारलं, तर म्हणाली कुठलीही आणा. रस्ता ओलांडावा लागत नाही म्हणून अलीकडच्या शोरूममधली घेतली. ती हसरी निघाली. हिला दवाखान्यात न्यायला आणि भाजी आणायला पुष्कळ आहे.

सेल्समन मात्र चिंतेत पडला. माणूस सरळ आहे, पडून राहिलेली गाडी खपत असूनही सांगत होता, की आजोबा, थोडे जास्त घाला आणि नवी घ्या, ही तुम्हाला लांब नेऊन परत आणणार नाही, मध्येच अडकाल. लांब कुणाकडे जावं लागलं तर काय कराल?

मी त्याला म्हटलं, "आमचं लांब कुणी नाही."

त्याने मान डोलावली आणि कागद आणायला आत गेला.

बाबा